सेकंदाला बारा

९ जानेवारी, शुक्रवार

वही नवी, विद्यार्थिनी जुनी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आज पुन्हा वर्गात जाऊन बसले. दारात पाय ठेवला आणि तोंडातून आपोआप निघालं, "मे आय कम इन, मॅडम?" अकरा मुलंमुली खो खो हसली. मॅडम माझ्या लेकीहून लहान. त्याही हसल्या. "या ना काकू, इथे कुणी परवानगी मागत नाही." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दहा वर्षं घोटून घेतलेलं असं सहज सुटतंय होय!

कोर्स हाताने करायच्या ॲनिमेशनचा आहे. आधी कागदाचं फ्लिप बुक. मग स्टॉप मोशन, म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे सेकंदाला बारा. भरभर दाखवले की बाहुली जिवंत होते. सत्तावीस मार्चला प्रत्येकाने आपली छोटीशी फिल्म सगळ्यांसमोर दाखवायची.

घरी येऊन यांना सांगितलं. यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. म्हणाले, "सेकंदाला बारा? मी अडतीस वर्षांत सेकंदाला बारा वाजलेले पाहिले नाहीत. तुझे मात्र वाजणार." चहा अर्धाच कप मागितला. हल्ली कमी केलाय म्हणे.

१३ जानेवारी, मंगळवार

फ्लिप बुकाला सुरुवात. छोट्या वहीच्या प्रत्येक पानावर चेंडू थोडा थोडा खाली, मग थोडा थोडा वर. माझा चेंडू उसळण्याऐवजी लिफ्टमध्ये बसल्यासारखा वरखाली गेला. शेजारच्या जांभळ्या केसांच्या मुलीने (मनातल्या मनात मी तिला जांभळीच म्हणते) सांगितलं, "काकू, जमिनीजवळ चित्रं लांब लांब घ्या, वर जवळ जवळ. वर गेल्यावर तो जरा रेंगाळतो ना." बरोबर होतं तिचं. एवढी वर्षं चेंडू पाहिले, पण तो वर रेंगाळतो हे कधी पाहिलं नव्हतं.

मी हा उद्योग सहावीतही केला होता. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोपऱ्यांवर एक सिस्टर काढली होती, तिचा झगा वाऱ्याने फुगतो आणि ती हळूहळू हवेत उडते. खऱ्या सिस्टरनी पकडलं. पुस्तक हातात घेतलं, पानं फर्रकन सोडली. मग पुन्हा एकदा सोडली. मग मला कोपऱ्यात उभं केलं. पण ओठ घट्ट आवळून धरले होते त्यांनी, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं. त्या कधीच गेल्या असतील. कुणी त्यांना उडताना पाहिलं असेल तर ते मी एकटीने.

२३ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी फिल्मचा विषय विचारला. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "आमचं दुकान."

आठ पावलं लांब, चार पावलं रुंद असं दुकान होतं ते. अडतीस वर्षं हे तिथे डोळ्याला भिंग लावून बसले. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी भर दुपारी घरी आले, किल्ल्या फडताळात ठेवल्या आणि म्हणाले, "संपलं. लोक आता फोनमध्ये वेळ बघतात." झालं. ना निरोप, ना शेवटचा दिवस, ना एक फोटो. आता तिथे फोनची कव्हरं विकतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

त्याच दुकानात मी यांना पहिल्यांदा पाहिलं. वीस वर्षांची होते. मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ, आत पाणी गेलेलं. यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "घड्याळ पोहायला शिकत होतं की तुम्ही?" आठवड्याने घ्यायला गेले, तर दुरुस्त झालेलं घड्याळ यांनी स्वतःच्या कानाला न लावता माझ्या कानाशी धरलं. "ऐका." मी ऐकलं. घड्याळापेक्षा माझंच जास्त ऐकू येत होतं.

तेच करायचं आहे. शटर वर जातं, बाहुला बसतो, भिंग लावतो, घड्याळ उघडतो, चाक बसवतो, झाकण लावतो, आणि शेवटी घड्याळ आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, कानाशी धरतो. चाळीस सेकंद. माझ्याकडे त्या दुकानाचं दुसरं काही उरलेलं नाही. हे झालं तर ते कुठेतरी राहील.

यांना सांगितलं तर म्हणाले, "नको ते. कुणाला हौस आहे बघायची?" पण जेवण झाल्यावर तारेचं भेंडोळं उलटंसुलटं करून बघत बसले. "बोटं या तारेने होणार नाहीत. याहून बारीक लागेल."

१ फेब्रुवारी, रविवार

बाहुला उभा राहिला. वीतभर उंच, आत तार, वर कापूस आणि कापड, डोकं मातीचं. मी त्याला यांचं नाक दिलं. हे म्हणाले, "एवढं मोठं नाही." मी म्हणाले, "आरशाला विचारा." बुटांच्या खोक्याचं दुकान झालं. भिंतीवर बाटल्यांच्या झाकणांची घड्याळं लावली, आणि सगळ्यांत वेगवेगळी वेळ. ती यांची अट. "दुरुस्तीच्या दुकानात सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत असतील, तर समज मालक दुपारी झोपतो."

सुईत दोरा मात्र मीच ओवला. हे नुसते हुकूम सोडत होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्रीकरण सुरू. जेवणघरातलं टेबल अडवलंय. पडदे ओढून घेतले, कारण ऊन सरकलं की फोटोंमधला उजेड बदलतो. दिवा लावला, फोन स्टँडवर बसवला. कामाची वाटणी अशी: हे चिमट्याने बाहुला हलवणार, मी फोनचं बटण दाबणार. घड्याळजीचा हात घरात असताना मी कशाला हलवू?

"तू माझ्या हाताकडे बघत बसू नकोस," हे म्हणाले. "फोनकडे बघ."

"बरं बाई," मी म्हणाले.

"बाई कुणाला म्हणतेस?"

तीन तासांत छत्तीस फोटो. म्हणजे तीन सेकंद. शटर अर्धंसुद्धा वर गेलं नाही. पण कित्येक दिवसांनी आम्ही दोघं एका टेबलाशी एवढा वेळ बसलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात तीन सेकंद दाखवले. छान वाटत होतं, पण सगळं थरथरत होतं. शटर, बाहुला, अगदी भिंतीवरचं एक घड्याळसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "टेबल हलतंय का काकू?" असणारच. ते टेबल आमच्या लग्नातलं आहे.

घरी येऊन यांना सांगितलं. हे लगेच म्हणाले, "टेबलच. मी म्हणणारच होतो." मग खाली वाकून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अजून थरथरतंय. चारही पायांना चिकटपट्टी मारली. फोनचा स्टँड विटेला बांधला. रस्त्यावरून ट्रक जाताना फोटो काढायचा नाही असं ठरवलं. तरी तेच.

आज माझा तोल गेला. बाहुल्याने भिंग डोळ्याला लावायचं होतं, बारा फोटोंचं काम. बघितलं तर त्याला हुडहुडी भरलीये. मी म्हणाले, "अहो, जरा लक्ष देऊन करा ना! गिऱ्हाइकाचं घड्याळ असतं तर असं केलं असतंत का?"

यांनी चिमटा खाली ठेवला. हात मांडीखाली घेऊन नुसते बसून राहिले. रागावले की असेच घुम्यासारखे बसतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पंधरा सेकंदांचं काम झालं आणि आज यांनी अंग काढून घेतलं. "डोळे दुखतात. आणि कोर्स तुझा आहे, तूच कर." मी म्हणाले, "अर्ध्यावर सोडता?" म्हणाले, "अर्ध्यावर कुठे? चाळीसातले पंधरा." हिशेब मात्र चोख.

मला फार लागलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, पण या माणसाची लाइन कधी लागेल तर शपथ. दुकान त्यांचं, बाहुला त्यांचा, नाक त्यांचं, आणि कंटाळाही त्यांनाच! आता रोज दुपारी खिशात हात घालून फिरायला जातात. काल दाढी करायलाही न्हाव्याकडे गेले. निवृत्त माणसाची ऐष.

मी एकटी करीन. बघून घ्या म्हणावं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! सगळं स्वतः हलवलं. बाहुल्याने घड्याळ उघडलं, चाक बसवलं, झाकण लावलं, स्क्रू फिरवला. स्क्रूचा शॉट अगदी वरून, जवळून घेतला. आणि एक पानसुद्धा हलत नाही! बाहुला लोण्यासारखा चालतो. चिकटपट्टी शेवटी कामी आली म्हणायची. टेबल ताळ्यावर आलं. यांना सांगितलं, "बघा, थरथर गेली."

"हो का," म्हणाले, आणि बाहेर पडले. बघायलासुद्धा थांबले नाहीत.

३ मार्च, मंगळवार

मॅडमनी सगळ्यांच्या फिल्म सलग जोडून भिंतीवर मोठ्या दाखवल्या. माझी चालू असताना जांभळी पुढे झुकली. "थांबवा. इथे हात बदललाय ना काकू?"

मला कळेना. ती म्हणाली, "अक्षरासारखं असतं हे. प्रत्येकाचा हात ओळखू येतो. इथपर्यंत कुणीतरी दुसरं आहे. इथून पुढे तुम्ही."

"आधीचं आमच्या ह्यांनी केलं."

"त्यांचे हात कापतात का?" तिने साधंच विचारलं. चष्मा आहे का विचारावं तसं.

"छे!" मी म्हणाले. "घड्याळजी आहेत ते."

मॅडमनी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. भिंतीवर शटर कापत कापत वर गेलं. बाहुला कापत कापत बसला. टेबल तेच. पाय तेच. चिकटपट्टी तर चौदा तारखेलाच लावली होती, आणि त्यानंतरचेही सहा दिवस थरथरतायत. थांबलं ते वीस तारखेला.

बसमध्ये बसायला जागा होती, तरी मी दांड्याला धरून उभीच राहिले. अर्धा कप. न्हावी. बँकेचे, गॅसचे सगळे कागद "तूच भर, तुझं अक्षर चांगलं" म्हणून माझ्यापुढे सरकवणं. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून मला दिसलं नाही, आणि एका पोरीला पंधरा सेकंदांत दिसलं.

आणि मी यांना काय म्हणाले होते! गिऱ्हाइकाचं घड्याळ असतं तर.

५ मार्च, गुरुवार

दोन दिवस गप्प बसले. आज दुपारी हे निघाले तेव्हा चपला घालून मीही निघाले. कोपऱ्यापर्यंत चाललो. मग मी यांच्या खिशात हात घातला आणि त्यांचा हात धरला. लोक बघतील म्हणून एरवी झिडकारला असता. आज नाही झिडकारला. चिमणी धरावी तसं वाटलं.

"कधीपासून?"

तसेच चालत राहिले. मग म्हणाले, "एक बाई आल्या होत्या. नवऱ्याचं घड्याळ होतं, नवरा गेलेला. मी उघडलं. आत केसासारखी स्प्रिंग असते. माझ्या चिमट्याखाली ती वाकली. तसली दुसरी कुठे मिळत नाही. मी त्यांना सांगितलं, हे आधीच खराब झालं होतं." थांबले. "अडतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोललो. त्या 'थँक यू' म्हणून गेल्या. मी शटर ओढलं."

तोच तो गुरुवार.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

परत येताना मी त्यांचा हात सोडला नाही.

१० मार्च, मंगळवार

वर्ग बुडवून डॉक्टरकडे. आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. हे डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे." डॉक्टर म्हणाले, "माहीत आहे. पेशंटना बरं वाटतं."

१४ मार्च, शनिवार

आज भांडण. पण चांगलं.

मी विचारलं, "सुरुवातीचे पंधरा सेकंद तसेच ठेवू?" यांचा चेहरा उतरला. "अख्ख्या गावासमोर माझी थरथर भिंतीएवढी करून दाखवणार? नको. ते पुसून टाक. तू पुन्हा कर, तुझा हात चांगला आहे." म्हटलं ठीक. माणसापेक्षा फिल्म मोठी नाही. कसं करीन ते कळावं म्हणून माझा भाग त्यांना पहिल्यांदाच दाखवला. शांतपणे बघत होते. आणि मग ताडकन उठले.

"थांबव! हा काय करतोय?"

"झाकण लावतोय."

"स्क्रू कुठे फिरवतोय? डावीकडे! हा झाकण लावतोय की उघडतोय?"

"अहो, कोण बघणार आहे एवढं?"

बापरे. दुकानात वीज पडावी तसं यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण बघणार आहे? घड्याळाच्या आत कोण बघतं? कुणीच बघत नाही! म्हणूनच तर नीट करायचं असतं! आणि हा हात बघ, कोपर हवेत! कोपर टेकल्याशिवाय कुठला घड्याळजी स्क्रूला हात लावतो? हा माणूस कापत नाही ते ठीक आहे, पण याला काही येत नाही!"

"आणि पहिल्याला?"

हे पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "लाव बरं पुन्हा पहिला."

लावला. शटर कापत वर गेलं. बाहुला कापत बसला. आधी कोपर टेकलं, मग भिंग उचललं, फुंकर मारली, डोळ्याला लावलं. फुंकर मारली होती! मी बटण दाबत होते तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं.

यांनी तीनदा बघितलं. "याला येतं," म्हणाले.

मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी भाजी निवडत होते. मागे न वळता म्हणाले, "पहिलं राहू दे. तुझं सगळं काढून टाक. उद्यापासून बसू."

"हात?"

"हात आहे तसा आहे. स्क्रू उजवीकडे फिरतो."

२१ मार्च, शनिवार

आठवडाभर बसलो. तीनशे फोटो. सकाळच्या गोळीनंतर दोन तास हात बरा असतो, तेवढ्यात काम. ते कोपर जाड पुस्तकावर टेकवतात, श्वास सोडतात, हलवतात. कधी चाक पडतं, कधी बाहुलाच आडवा होतो. "उठा मालक, गिऱ्हाईक आलंय," मी म्हणते. मी आता फोनकडे बघत नाही. हातांकडेच बघते. त्यांनाही माहीत आहे.

स्क्रूला एक अख्खा दिवस गेला. शेवटचा फोटो काढल्यावर म्हणाले, "घट्ट झाला." मातीचा स्क्रू, काय घट्ट होणार! पण मीही मान हलवली.

मॅडमना सांगितलं की थरथर राहणार आहे. त्या म्हणाल्या, "राहू द्या." अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. यांनी बजावलंय, तिथे कुणी विचारलं तर टेबल जुनं होतं म्हणायचं. मी कबूल केलंय.

२७ मार्च, शुक्रवार

साठ-सत्तर माणसं होती. आईबाप, भावंडं, मित्रमंडळी. हे इस्त्रीचा सदरा घालून आले आणि मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. पळायला बरं म्हणून. मी त्यांच्या शेजारी.

आमचा नंबर सातवा. दिवे गेले. चाळीस सेकंद म्हणजे काय असतं ते आज कळलं. शटर वर गेलं. खोकणं थांबलं. त्याने फुंकर मारली, कुणीतरी हळूच हसलं. स्क्रू उजवीकडे फिरला. सगळं दुकान थरथरत होतं, भिंतीवरची घड्याळंसुद्धा, जणू सगळ्यांनाच किल्ली दिली होती. मग त्याने घड्याळ उचललं आणि आमच्या सगळ्यांच्या कानाशी धरलं. आणि संपलं.

मी यांच्याकडे बघितलं नाही. धीर झाला नाही.

टाळ्या झाल्या. दिवे आले. मॅडम म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का? मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजातली, हातात वही.

"काकू, ते थरथरणं कसं केलंत? म्हणजे सगळं एवढं... श्वास घेतल्यासारखं वाटतं. मी महिनाभर प्रयत्न करतेय, माझं सगळं मेल्यासारखं दिसतं. ती टेक्निक काय आहे?"

सगळ्या माना वळल्या. मी उठले. टेबल जुनं होतं, हे तीन शब्द जिभेवर तयार होते. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायला शिकवत नाहीत, पण नवऱ्यासाठी बोलले असते. तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. हे उभे राहिले होते. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. खुर्ची हलत होती. तीवर बसलेल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं.

"ते मी केलंय," हे म्हणाले. "माझे हात कापतात. आजार आहे. ते शिकवता येत नाही."

त्या मुलीचा चेहरा लाल झाला. "सॉरी काका, मला..."

"सॉरी कशाला? पहिल्यांदाच कुणी त्याबद्दल चांगलं बोललंय." मग घसा खाकरला. दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचे तोच आवाज, कितीतरी दिवसांनी. "पण तुमचं काम मेल्यासारखं दिसत असेल, तर आधी बाहुल्याचं कोपर टेकवा. माणूस काम करताना कोपर टेकवतो. तेवढं बघा."

मुलीने वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. पुढच्या दोघातिघांनीही.

हे खाली बसले. सभागृहात पुन्हा कुजबुज सुरू झाली, आठव्या फिल्मसाठी दिवे गेले. मी अजून उभीच. अंधारात माझा हात खाली ओढून कानाशी म्हणाले, "बस आता. आणि तोंड मिट. मी सांगितलंय सगळं."